इंग्रजी येत नव्हतं, की आडनाव नडलं?

मेक्सिकन-अमेरिकनांबद्दल एक फॉरवर्ड सारखा फिरतो: ‘हे सगळे अलीकडे आलेले. त्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या त्या फक्त इंग्रजी येत नव्हतं म्हणून. शिवाय कायद्याने ते गोरेच, मग भेदभाव कसला?’

‘सगळे अलीकडे आलेले’ हे मेक्सिको आणि अमेरिकेतल्या १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहापाशीच कोलमडतं. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको अमेरिकेकडे गेले आणि तिथल्या हजारो मेक्सिकनांचा घरबसल्या देश बदलला.

इंग्रजीचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरमध्ये मेंडेझ कुटुंबाची मुलं आत्याबरोबर शाळेत नाव घालायला गेली. आत्याची मुलं उजळ, आडनाव विदाउरी, कानाला फ्रेंच वाटणारं. त्यांना प्रवेश मिळाला. सावळ्या मेंडेझ मुलांना सांगितलं, तुमची शाळा ती पलीकडची, मेक्सिकनांची. आत्याने आपलीही मुलं तिथे घातली नाहीत.

पाच कुटुंबं चार शाळा-जिल्ह्यांविरुद्ध कोर्टात गेली. १९४६ च्या निकालात न्यायाधीश पॉल मॅककॉर्मिक यांनी नोंदवलं की मुलांच्या भाषाचाचण्या घाईघाईच्या, वरवरच्या होत्या आणि काही वेळा तर मुख्यतः आडनाव पाहूनच वर्गवारी झाली होती. भाषेपुरतं वेगळं शिकवणं त्यांनी सरसकट नाकारलं नव्हतं; पण त्यासाठी प्रत्येक मुलाची विश्वासार्ह तपासणी हवी, ही अट घातली. आणि फॉरवर्डवाल्यांनी हे जरूर वाचावं: वेगळं ठेवल्याने इंग्रजी कानावरच पडत नाही, म्हणून मुलं त्या भाषेत मागे पडतात, असंही त्यांनी लिहिलं. म्हणजे औषध म्हणून जे दिलं, त्यानेच दुखणं वाढत होतं. १९४७ मध्ये अपिलातही निकाल टिकला.

राहिलं ‘कायद्याने गोरे’. हे खरंच आहे, पण ते त्यांच्याच विरोधात वापरलं गेलं. टेक्सासच्या जॅक्सन काउंटीत सुमारे १४ टक्के लोक मेक्सिकन किंवा लॅटिन आडनावाचे, तरी २५ वर्षांत त्यातला एकही माणूस ज्युरीवर, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळावर, बसल्याची नोंद नव्हती. राज्याचा युक्तिवाद असा, की घटनेचं समान संरक्षण पाहताना गोरे आणि काळे हे दोनच वर्ग धरायचे. मेक्सिकन गोऱ्यांत मोडतात, मग गोऱ्यांच्या ज्युरीत अन्याय कुठला? १९५४ मध्ये हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे एकमताने फेटाळलं. निकालात त्या काउंटीच्या कोर्टातल्याच पुरुषांच्या दोन स्वच्छतागृहांचा उल्लेख आहे: एकावर पाटी नाही, दुसऱ्यावर ‘कलर्ड मेन’, आणि सोबत स्पॅनिशमध्ये ‘ओम्ब्रेस आकी’, म्हणजे ‘पुरुषांनी इथे’.