अडचण लाजेची नाही

'बायकांचं काम' म्हणून निवृत्त जवान नर्सिंगला लाजतात, हे लेखातलं वाक्य पटलं नाही. फौजेत नर्सिंग असिस्टंट पुरुषच. माझ्या पायाचं ड्रेसिंग महिनाभर अशाच एकाने केलं, तेव्हा कुणी हसलं नाही. मराठा लाईट इन्फंट्रीत 17 वर्षं काढून मी बेळगावजवळच्या खानापूरकडे गावी आलोय. अडतंय ते दुसरीकडेच. जीएनएमची (नर्सिंगच्या डिप्लोमाची) 3 वर्षं, बाकावर शेजारी 18 वर्षांची पोरं, आणि घरी लेकीची फी. त्यात वॉर्डात गोकाक-सौंदत्तीकडची आज्जी दुखणं कन्नडमधून सांगणार. माझं कन्नड बाजारहाटापुरतं. खरी धास्ती तिचीच.

आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून वर्षानुवर्षं फक्त बायकाच घेत आले, त्यावर लेखात अवाक्षर नाही!