तराफ्यावरचा अँटेना

आज एका खगोलप्रेमी ग्रुपवर वाचलं: "खरं विज्ञान सिद्धांतवाल्यांचं, निरीक्षणवाले नुसत्या नोंदी ठेवतात." डोकं सणकलं. अहो, कर्नाटकातल्या शरावती नदीच्या बॅकवॉटरमधला, रेडिओ अँटेना वाहणारा तो तराफा विसरलात?

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने सांगितलं की ७८ मेगाहर्ट्झपाशी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या वर्णपटात खळगा दिसतोय, म्हणजे तिथे तीव्रता कमी पडतेय. विश्व १८ कोटी वर्षांचं असतानाच्या हायड्रोजनची ही खूण, असं त्यांचं म्हणणं. खोली अर्धा केल्व्हिन (रेडिओ लहरींची तीव्रता इथे तापमानाच्या या एककात मोजतात), अपेक्षेच्या दुपटीहून जास्त. 'नेचर' नियतकालिकाच्या त्याच अंकात डार्क मॅटरने, म्हणजे न दिसणाऱ्या गूढ पदार्थाने, हायड्रोजन थंड केल्याचा सिद्धांतही छापून आला! मग तसल्या पेपरांची रांगच लागली.

आधी पायाखालची जमीन तर बघा. या फ्रिक्वेन्सीला आपल्या आकाशगंगेचाच गोंगाट हजार केल्व्हिनच्या वर असतो, त्यातून अर्धा केल्व्हिन वेगळा काढायचा. अँटेनाखाली मातीचे थर, प्रत्येकाची ओल वेगळी. खालच्या थरावरून परतलेली लहर अँटेनात शिरली की वर्णपटात बारीक लाटा उठतात, आणि अशी एखादी लाट खळग्यासारखी दिसू शकते. एजेसवाल्यांनी ३० मीटर बाय ३० मीटर धातूची जाळी अंथरली होती, अँटेना फिरवून पाहिला, दुसरा लावून पाहिला. प्रामाणिक काम होतं ते, मान्य. पण दोन्ही अँटेना जमिनीवरच!

बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सारस-३ या आपल्या रेडिओमापकाचा अँटेना तराफ्यावर चढवून पाण्यात सोडला. खाली एकसारखं पाणी, थरांची भानगडच नाही. एफएम रेडिओ ८८ मेगाहर्ट्झपासून, म्हणजे ७८ च्या शेजारीच सुरू होतो, त्याचा गोंधळ नको म्हणून वस्तीपासून दूरची जागा. २०२० च्या सुरुवातीला मोजमापं झाली, २०२२ मध्ये निकाल आला: एजेसने सांगितलेला खळगा ९५.३ टक्के खात्रीने फेटाळला. याला नोंदी ठेवणं म्हणता?

९५.३ म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, ठीक. आणि हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला रेडिओ लहर देतो-घेतो (विश्व प्रसरण पावताना तीच ताणून ७८ पर्यंत खाली येते), ही रेषा डच सिद्धांतवाल्या वान डे हुल्स्टने १९४४ मध्ये कागदावर मांडली नसती, तर ७८ कडे बघायचं कुणाला सुचलंही नसतं, हेही खरं.

कल्पना लढवणाऱ्यांवर माझा राग नाहीच. खुशाल लढवा. फक्त सोबत लिहा की कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती केल्व्हिन दिसलं नाही तर तुम्ही माघार घ्याल. म्हणजे तराफा बांधणाऱ्याला कळेल काय शोधायचं ते.

याच संस्थेची आता 'प्रत्युष' योजना आहे. असाच रेडिओमापक चंद्राच्या कक्षेत पाठवायचा आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून जाताना ऐकायचं. तिथे एफएम पोहोचत नाही, आणि अँटेनाखाली माती नाही, पाणीही नाही.