‘पुढचा ब्रेक लावू नका, गाडी उलटते’: या मेसेजवर विश्वास ठेवू नका

बायकर्सच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो: पुढचा ब्रेक टाळा, गाडी उलटते, धडक अटळ दिसली की गाडी आडवी टाका, आणि वर्षानुवर्षं चालवणाऱ्याला ट्रेनिंग लागत नाही. तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिल्या दोन तर जिवावर बेतणाऱ्या.

ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. म्हणून नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला की ते चाक जाम होऊन घसरतं. कोरड्या डांबरावर ताशी 60 किलोमीटरला दोन्ही ब्रेक नीट लावले, तर ब्रेक लागल्यापासून साधारण 18 ते 20 मीटरमध्ये गाडी थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर जवळपास दुप्पट अंतर जातं. माणूस पडतो तो पुढचा ब्रेक एकदम खेचल्यामुळे: वजन पुढे येण्याआधीच टायरवर सगळा जोर पडतो आणि पकड सुटते. लिव्हरवर दोन बोटं ठेवा, आधी हलकं दाबून पुढचे शॉकअप बसू द्या, मग जोर वाढवत न्या. गुडघ्यांनी टाकी आवळा, कोपरं सैल सोडा, नजर लांब ठेवा. चाक जाम झालंच तर लिव्हर लगेच सोडून पुन्हा दाबा. गाडी वळणात झुकलेली असेल तर आधी सरळ करा.

एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलं तरी पुरेसा जोर तुम्हालाच लावायचा असतो. लिव्हर थरथरली की घाबरून हात सोडणारे पुष्कळ असतात. ती तशीच दाबून धरायची.

गाडी आडवी टाकण्याबद्दल एवढंच: रस्त्यावर रबर पकड धरतं, लोखंड आणि प्लास्टिक घसरतं. शेवटपर्यंत ब्रेक दाबून वेग निम्मा केला तरी धडकेची ऊर्जा चौथाईवर येते.

उरला अनुभव. अमेरिकेतल्या मोटरसायकल अपघातांचा अभ्यास करणाऱ्या 1981 च्या हर्ट अहवालात, अपघातात सापडलेल्या चालकांपैकी 92 टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. बहुतेकांनी मागचं चाक घसरवलं होतं आणि पुढचा ब्रेक अपुरा लावला होता. त्यात नवल नाही, कारण रोजच्या चालवण्यात पूर्ण ब्रेक लावायची वेळच येत नाही. हाताला सवय लागते ती हलक्या ब्रेकची. ट्रेनिंगमध्ये मोकळ्या, कोरड्या मैदानावर 30, मग 40, मग 50 च्या वेगावरून पुन्हा पुन्हा पूर्ण ब्रेक मारायला लावतात. अडथळा चुकवणंही तिथेच पक्कं होतं: उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची, आणि ढकलताना ब्रेक पूर्ण सोडलेला हवा.