'न्यूज'मधल्या चार दिशा आणि एक ईशान्य

दरवर्षी ६ जानेवारीला, पत्रकारदिनी, एक संदेश हमखास येतो. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडली की 'न्यूज' होतो. चारही दिशांची खबर देते ती बातमी. जुन्या वृत्तपत्रांच्या डोक्यावर होकायंत्र छापत, तिथून हा शब्द रूढ झाला. पत्रकारितेच्या वर्गांतही हे सांगितलं जातं. ऐकायला छान आहे, पण खरं नाही.

आधी स्पेलिंग बघू. २३ मे १६२२ला लंडनमध्ये इटली, जर्मनी, हंगेरीकडच्या खबरांचं एक पत्रक निघालं. त्याच्या मथळ्यात हा शब्द एन, ई, डब्ल्यू, ई, एस असा पाच अक्षरी आहे. तेव्हा तो बहुधा असाच लिहीत. मग हा दुसरा ई कुठल्या दिशेचा? ईशान्येचा म्हणावा, तर ती दिशा फक्त आपल्याकडे ईने सुरू होते!

होकायंत्राची गोष्ट काळाच्या हिशेबातच बसत नाही. खबर या अर्थाने हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकात रुळलेला होता. इंग्रजीतलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छापील बातमीपत्र १६२०चं. वृत्तपत्रच नव्हतं तेव्हा शब्द होता, मग तो वृत्तपत्रावरच्या चित्रातून कसा येईल? शिवाय होकायंत्र घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचलं तर क्रम नॉर्थ, ईस्ट, साउथ, वेस्ट असा लागतो. वेस्टला आधी आणलंय ते शब्द जुळावा म्हणून.

आद्याक्षरं जोडून बोलीत शब्द पाडायची चाल तर मुख्यतः विसाव्या शतकातली. तेव्हा हाही मुद्दा निकालात निघाला.

एक मात्र मान्य करायला हवं : ही कोटी व्हॉट्सअ‍ॅपची नाही. १६४०च्या एका विनोदी इंग्रजी पद्यसंग्रहात बातमी उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिणेकडून येते असं यमक जुळवलेलं आहे. तिथे ती गंमत होती. आपण तिची व्युत्पत्ती केली.

खरी व्युत्पत्ती साधी आहे. 'न्यू' म्हणजे नवा, त्याचं अनेकवचन 'न्यूज' : नव्या गोष्टी. फ्रेंचांचं 'नूव्हेल' तसंच, आणि लॅटिन 'नोव्हा'ही. म्हणून जुन्या इंग्रजीत हा शब्द अनेकदा अनेकवचनी चालतो. शेक्सपिअरच्या नाटकांत 'दीज न्यूज', म्हणजे 'या बातम्या', असं सापडतं. शेवटचा एस साउथचा नाही, अनेकवचनाचा आहे.

मराठी माणसाला तर हे पटायला काहीच हरकत नसावी. 'काय नवलविशेष?' असं आपण विचारतो तेव्हा नव्यालाच बातमी म्हणत असतो. 'नवल'मध्ये 'नव' आहेच. जुन्या पत्रांतून 'इकडील वर्तमान' कळवत, म्हणजे इकडे काय चाललंय ते. त्याच 'वर्तमाना'वरून वर्तमानपत्र आलं, आणि ख्रिस्ती मराठीत शुभवर्तमान. आज बातमी या अर्थाने नुसतं 'वर्तमान' फारसं भेटत नाही, याचं मला वाईट वाटतं. 'बातमी' त्याहून चतुर : बातमीदार म्हणजे पूर्वी हेरसुद्धा. यातल्या एकाही शब्दाला दिशा लागल्या नाहीत.

आणि १६२०चं ते बातमीपत्र? ते लंडनमध्ये नव्हे, अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलेलं. त्याच्या पहिल्या ओळीत 'न्यूज' हा शब्दच नाही, 'टायडिंग्ज' आहे. ओळ साधारण अशी : इटलीहून नवं वर्तमान अजून आलेलं नाही.