गाण्यांच्या मधलं बोलणं

‘कलाकाराने कला सांभाळावी, राजकारणात नाक खुपसू नये.’ महाराष्ट्रात एखादा नट, गायक किंवा लेखक जरा काही बोलला की हे वाक्य तयारच असतं. २०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमोल पालेकर प्रभाकर बरव्यांच्या चित्रप्रदर्शनात बोलत होते. संग्रहालयाच्या सल्लागार समित्यांबाबतच्या सरकारी निर्णयावर त्यांनी बोट ठेवलं, तर त्यांना भाषणाच्या मध्येच पुन्हा पुन्हा अडवण्यात आलं. प्रदर्शनाबद्दलच बोला म्हणे! चित्रांच्या प्रदर्शनात, चित्रांच्या संग्रहालयाबद्दल बोललेलं विषयाबाहेरचं कसं, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

मी राहतो व्हिएन्नात. इथे सर्बियन माणसं पावलोपावली भेटतात. ओटाक्रिंगमधल्या एका रस्त्याला तर लोक ‘बाल्कन मैल’च म्हणतात. यांच्यातल्या पन्नाशीच्या कुणाला ‘गायकाने फक्त गावं’ हे सांगून पाहा. बहुतेक वेळा उत्तरादाखल एकाच गायकाचं नाव ऐकायला मिळतं: जॉर्जे बालाशेविच.

हा १९५३चा, नोवी सादचा. आमच्या व्हिएन्नातून वाहत गेलेली डॅन्यूब पुढे बुडापेस्ट ओलांडून ज्या मोठ्या सर्बियन शहराला आधी लागते, ते हे शहर. वडील सर्ब, आई अर्धी क्रोएट, अर्धी हंगेरियन. नोवी साद ज्यात येतं त्या, नाना वंशांच्या व्होय्वोदिना प्रांतात याचं कुणाला नवल नाही. १९७७ साली ‘झेत्वा’ नावाच्या अकूस्टिक गटातून त्याने सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्याने ‘रानी म्राझ’ हा स्वतःचा गट काढला आणि त्या वर्षीचं त्याचं एक गाणं युगोस्लावियाभर गाजलं. ‘आमच्यावर भरवसा ठेवा’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. आम्ही रॉक वाजवतो, रेकॉर्डी ऐकतो म्हणून वाया गेलो असं समजू नका, वडीलधाऱ्यांनी युद्धात जे कमावलं ते आम्ही सांभाळू, असा त्याचा आशय. युगोस्लावियाचे सर्वेसर्वा टिटो यांच्या कम्युनिस्ट राजवटीला याहून गोड काय वाटणार?

म्हणजे हा सरकारी गवई की काय, असं आपल्याकडचा कुणीही विचारेल. विचारावंच. पंचविशीतल्या पोराने ते मनापासून लिहिलं होतं आणि राजवटीने ते हातोहात उचललं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पुढे त्या गाण्यापासून तो स्वतःच दूर गेला.

१९८२पासून तो एकट्याच्या नावावर गाऊ लागला. बेलग्रेडच्या सावा सेंटरमधले त्याचे वर्षअखेरचे कार्यक्रम ठरलेले असत आणि रात्री उशिरापर्यंत चालत. त्यातला कितीतरी वेळ तो गातच नसे. दोन गाण्यांच्या मध्ये बोलत राही: शेजारी, फुटबॉल, मुली, मग हळूच एखादा मंत्री. आपल्या कीर्तनकाराने आख्यान रंगात आलं असताना गावच्या सरपंचाला चिमटा काढावा, तसं. नोवी सादचा माझा एक सहकारी म्हणतो की त्याच्या घरी गाण्यांपेक्षा त्या बोलण्याच्या कॅसेटींची पारायणं जास्त व्हायची. पोटभर हसून घेतलेल्या माणसाला पुढच्या गाण्यात कडू औषध पाजता येतं, हे त्याला नेमकं माहीत होतं.

‘फक्त युद्ध नको’ अशा अर्थाचं त्याचं गाणं १९८७च्या थेट मैफलीच्या अल्बममध्ये आहे. तेव्हा ते अनेकांना भाबडं वाटलं असणार. चार वर्षांत युगोस्लाविया फुटला. १९९३ साली, देशावर निर्बंध, गळ्यापर्यंत आलेली महागाई, ५०० अब्ज दिनारची नोट छापायची वेळ आलेली, अशात त्याचा जो अल्बम आला त्यात क्रोएशियातल्या वूकोवारच्या युद्धातून परतलेल्या माणसाचं एक गाणं आहे. आणखी एक आहे, ज्याचा मथळाच ‘दोषी आम्हीच’ असा. गंमत बघा, ते गाणं क्रोएटांना, जर्मनांना किंवा अमेरिकेला उद्देशून नाही. ते समोर तिकीट काढून बसलेल्या स्वतःच्या माणसांना उद्देशून आहे. १९९८ला तो बोस्नियाच्या राजधानीत, साराजेवोत जाऊन गायला. त्या शहराचा वेढा उठून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि वेढा घालणारे सर्ब होते. २०००च्या अल्बममध्ये त्याने सत्ताधीश स्लोबोदान मिलोशेविचच्या राजवटीला सरळ अंगावर घेतलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती राजवट कोसळली. गाण्याने कोसळली नाही, हे मीही जाणतो.

इथवर वाचून ‘बघा, कलाकाराने बोललंच पाहिजे’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी एक दुसरं नाव. १९७८मध्ये काही काळ ‘रानी म्राझ’मध्ये बालाशेविचच्या शेजारी उभा राहून बोरा जॉर्जेविच गात होता. तोही ‘सुंत्सोक्रेत’ या अकूस्टिक रॉक गटातून आलेला, शब्दांवर जबरदस्त हुकमत असलेला. लवकरच तो बाहेर पडला आणि बेलग्रेडमध्ये त्याने ‘रिबल्या चोर्बा’ काढला, जो पुढे देशातल्या सगळ्यात गाजलेल्या रॉक बँडपैकी एक ठरला. नव्वदच्या दशकात बोराही गप्प बसला नाही. तो मिलोशेविचच्या विरोधात बोलला आणि त्याच तोंडाने कडव्या सर्बियन राष्ट्रवादाची बाजूही घेतली. २०२४ साली तो वारला तेव्हा राहत होता ल्युब्लियानात, म्हणजे युगोस्लावियातून सगळ्यात आधी फुटून निघालेल्यांपैकी एक असलेल्या स्लोव्हेनियाच्या राजधानीत.

कलाकाराला बोलू द्या म्हटलं की बोरालाही बोलू द्यावं लागतं. मला त्याचं राजकारण आवडत नाही, त्याची सुरुवातीची गाणी आवडतात, आणि या दोन गोष्टींची एकत्र मोट बांधायची मला गरज वाटत नाही. कुणाचं ऐकायचं ते सभागृहाने ठरवावं. माइक बंद करणाऱ्याने नव्हे.

खरं म्हणजे ‘फक्त गा’ हा नियम आपल्या मातीतला नाहीच. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याशिवाय कशी झाली असती? कराडच्या साहित्य संमेलनात १९७५ साली, ऐन आणीबाणीत, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून जे बोलल्या ते यशवंतराव चव्हाणांना समोर बसून ऐकावं लागलं. आणि २०१९च्या यवतमाळ संमेलनात? उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रणच मागे घेतलं गेलं. शिवाय हा नियम एकाच बाजूने लागू होतो. सत्काराच्या मंचावर गायकाने मंत्र्याला ‘द्रष्टे नेते’ म्हटलं, तर ते राजकारण कुणालाच वाटत नाही.

आता आमच्याबद्दल, म्हणजे परदेशातल्यांबद्दल. आम्ही बोलण्यात मागे नाही. मराठी शाळांचं काय व्हावं, पहिलीपासून हिंदी असावी का, कुणाचा पुतळा कुठे असावा, यावर रात्री जेवण झालं की आमच्या गटांवर आतषबाजी सुरू होते. त्याची किंमत शून्य असते, कारण सकाळी आम्हाला त्या शाळेत पोरं सोडायची नसतात. बालाशेविचने नोवी सादमध्ये घर ठेवलं आणि ज्यांना टोचलं त्यांच्याच गल्लीतून चालला. हा फरक मला फार मोठा वाटतो. देश सोडणं पाप आहे असं मी म्हणत नाही. बेलग्रेडच्या ‘न्यू वेव्ह’ रॉक संगीतातला गायक व्लादा दिव्ल्यान युद्धाच्या दिवसांत ऑस्ट्रेलियाला गेला, शेवटी आमच्याच व्हिएन्नात राहिला आणि २०१५ला इथेच वारला. त्याने कमी गाणी दिली असं कोण म्हणेल? पण लांब बसलेल्याचा आवाज घरातल्याच्या आवाजावर चढू नये, इतपत शिस्त असायला हरकत नाही.

इथल्या सर्बांकडून ती शिकता येईल. १ नोव्हेंबर २०२४ला नोवी सादच्या रेल्वे स्टेशनचं छत कोसळून माणसं मेली, मग सरकारला जाब विचारायला विद्यार्थी रस्त्यावर उतरले. एप्रिल २०२५मध्ये त्यांची एक तुकडी सायकलींवरून थेट स्ट्रासबुर्गला, युरोपीय संसदेच्या शहराकडे निघाली आणि वाटेत व्हिएन्नात थांबली. इथली सर्बियन मंडळी मोठ्या संख्येने स्वागताला गेली, पोरांना पाणी दिलं, खाऊ घातलं, त्यांचं ऐकून घेतलं.

आमच्याकडे उलटा प्रकार. इथल्या एका मराठी कार्यक्रमासाठी गायकाला निमंत्रण जाणार होतं आणि मसुद्यात ओळ होती: ‘कृपया राजकीय भाष्य टाळावे.’ ती लिहिणारे गृहस्थ गटावर रोज सकाळी चार राजकीय संदेश पुढे ढकलतात. ओळ काढावी असं मी सुचवलं. चर्चा होऊन ती आता ‘शक्यतो टाळावे’ अशी झाली आहे. ‘शक्यतो’ही काढा म्हणून मी पुन्हा लिहिलं आहे. तिकिटाचे पैसे परत मागायला कुणी आलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा, हेही त्यात घातलं आहे.