वेफर्सच्या पाकिटालाही भाव हवा

मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये कचऱ्यासाठी घरटी शुल्क आकारण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून दादर-मुलुंडच्या नातेवाइकांकडून एकच सवाल ऐकतो आहे: मालमत्ता कर भरतोच, मग हा वेगळा भुर्दंड कशाला? हा संताप रास्त आहे. पण जर्मनीत राहून हा वाद ऐकताना वाटते की, ज्या कंपन्या वेफर्सच्या पाकिटांसारखा माल बाजारात आणतात, त्यांच्या खिशाकडे कोणाचे फारसे लक्षच जात नाही.

कचरावेचक बाई दुधाची पिशवी उचलते, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि धुऊन, वितळवून तिचे दाणे करता येतात. त्याच ढिगातले वेफर्सचे पाकीट ती सोडून देते. त्यात प्लास्टिकच्या थरावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, थर सुटे करणे परवडत नाही, आणि किलोभर वजन भरायला अशी शेकडो पाकिटे वेचावी लागतात. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक नुसते हाताळून त्याची जात ओळखणारे कारागीर आहेत. कौशल्याची वाण नाही, या मालाला गिऱ्हाईक नाही.

जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर २००३ पासून अनामत आहे; आज २५ सेंट. बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंटच, तरी ती परत येते आणि धुऊन पुन्हा भरली जाते. मात्र घरोघरी वेष्टनांचा कचरा ज्यात जमा होतो, त्या पिवळ्या पिशव्यांतले बरेचसे प्लास्टिक इथेही शेवटी जाळलेच जाते, हे आपल्याकडच्या जर्मनीप्रेमींनी ध्यानात घ्यावे.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पाहिलेल्या शहराला पुनर्वापराचा धंदा शिकवावा लागू नये. २०१८ च्या प्लास्टिकबंदीतही दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापण्याची तरतूद होती. उत्पादकांवर कचऱ्याची जबाबदारी टाकणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये आली, पण कंपन्या त्याखाली प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे विकत घेतात आणि तो पैसा वेचणाऱ्या हातापर्यंत पोहोचेल याची हमी त्यात नाही. माझ्या मते, या पाकिटांना किलोमागे किमान दर ठरवावा, तो कंपन्यांनी भरावा आणि प्रत्येक वॉर्डातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर वेचणारीच्या हातात रोख पडावा. स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांचे बचत गट बांधून दाखवले आहेत; खरेदीचे हे काम अशा गटांकडेच सोपवावे.