उजवीकडे गिअर म्हणजे जुनं ओरिजिनल इंजिन? नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय की बुलेटचा गिअर उजव्या पायाला असेल तर इंजिन ब्रिटिश काळातलं, ओरिजिनल. चूक आहे हे. मद्रासला 1955 पासून बुलेट बनायला लागली आणि उजव्या गिअरच्या गाड्या कारखान्यातून 2000 नंतरही निघत होत्या, म्हणजे गिअर बघून वय कळत नाही.

बघायचंच असेल तर बॅरलला, म्हणजे इंजिनाच्या पंखे असलेल्या सिलिंडरला, चुंबक लावा. जुन्या पद्धतीच्या इंजिनाचं बॅरल बिडाचं, चुंबक चिकटतो, नंतर आलेल्या एव्हीएल नावाच्या इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं. हेडला, म्हणजे बॅरलवरच्या झाकणाला, लावू नका, ते दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियमचंच. मग इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, पण नुसता जुळला म्हणून खूश होऊ नका, नंबरची जागा ग्राइंडरने घासल्यासारखी गुळगुळीत आणि इंजिनाचं बाकी कवच खडबडीत असेल तर नंबर परत ठोकलेला असू शकतो. कार्बोरेटर तर सगळ्यात जास्त बदलला जाणारा पार्ट, 1950च्या दशकातल्या गाडीला मिककार्ब कंपनीचा दिसला की तो नंतर बसवलेला, तिथे मूळचा अमाल कंपनीचा असायचा. त्याने गाडी खोटी ठरत नाही, फक्त ‘ऑल ओरिजिनल’ म्हणून जादा पैसे देऊ नका.